एकतीस अर्ज, मालक एक

दप्तरताईंनी तेहतीस वर्षांच्या नोकरीत एकही कागद हरवला नाही, ही गोष्ट त्या स्वतः कधी सांगत नसत. ती मास्तर सांगत, आणि तेही कुणी विचारलंच तर. पण कुणी विचारलं नाही असा दिवस इमारतीत क्वचितच जाई, कारण कुणाचं ना कुणाचं काही ना काही रोज हरवतच असे.

जमीन नोंदणीच्या कचेरीत त्यांनी रेकॉर्ड रूम सांभाळली होती, म्हणून नाव पडलं दप्तरताई. मास्तर म्हणजे त्यांचे यजमान, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. ताई निवृत्त झाल्या त्याच महिन्यात इमारतीने त्यांना सेक्रेटरी केलं, तेही बिनविरोध. बिनविरोध म्हणजे दुसरं कुणी तयार नव्हतं, पण इतिवृत्तात असली कारणं लिहीत नाहीत.

इमारतीच्या मागे उद्यान कचेरीच्या मालकीची एक जमिनीची पट्टी पडून होती. तिथे आठ वाफे पाडून रहिवाशांना भाजीपाला लावायला द्यायचे, असं ठरून दोन वर्षं झाली होती. ज्याचा अर्ज आधी त्याला वाफा आधी, एवढा साधा नियम. दोन वर्षांत अर्ज आले एकतीस. अर्ज मेलने यायचा, ताई तो ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायच्या, आणि उतरवल्याची तारीख-वेळ त्या फाइलवर आपोआप पडायची. अर्जदाराने स्वतः लिहिलेल्या तारखेवर ताईंचा काडीचा विश्वास नव्हता. "अर्जावरची तारीख माणूस घालतो, फाइलवरची यंत्र घालतं," त्या म्हणत. "यंत्राला मेहुणे नसतात."

फोल्डरला कुलूप होतं. ताईंच्या नावाने कॉम्प्युटर उघडला तरच तो दिसे. आणि त्या कुलपामागे एक अशी गोष्ट होती जी मास्तरांनाही ठाऊक नव्हती.

रेकॉर्ड रूममध्ये प्रत्येक प्रकरणाच्या समासात शेरा लिहायची पद्धत होती. तेहतीस वर्षांची सवय अशी जात नाही. कॉम्प्युटरवर फाइलची माहिती उघडली की खाली एक चौकट असते, 'टिप्पणी' नावाची. तिच्यात जगात कुणी काही लिहीत नाही. ताईंना ती एके दिवशी सापडली आणि माहेरचं माणूस भेटावं तसं झालं. तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येक अर्जदाराबद्दल त्या तिच्यात एक-दोन ओळींचा शेरा लिहू लागल्या. शेरा लिहिल्याने फाइलची तारीख बदलत नाही, हे त्यांनी तीनदा तपासून पाहिलं होतं. अर्ज अर्जाच्या जागी, शेरा समासात, आणि सगळं कुलपात. कुणाचं काही बिघडत नव्हतं.

मग उद्यान कचेरीचं पत्र आलं. सर्व अर्ज सर्व रहिवाशांना घरबसल्या पाहता येतील अशा सामायिक फोल्डरात चौदा दिवस ठेवावेत. ठेवलेला फोल्डर मध्येच बंद केल्यास प्रक्रिया पहिल्यापासून करावी लागेल.

मूळ कागद कुणाच्या हाती द्यायचा नसतो, नक्कल द्यायची असते, हा ताईंचा धर्म. म्हणून त्या नक्कल काढायला बसल्या, तर कॉम्प्युटर म्हणाला, जागा नाही.

जागा खाल्ली होती जिन्यातल्या कॅमेऱ्याने. दोन वर्षांचं चित्रीकरण साठलं होतं, आणि त्यात प्रामुख्याने एक करडं मांजर वर जाताना आणि तेच मांजर खाली येताना दिसत होतं. ते पुसायला ताई तयार नव्हत्या. पुसणं हा शब्दच त्यांच्या नोकरीत नव्हता. आणि अर्जही काही हलके नव्हते. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी आपल्या अर्जाला गॅलरीतल्या कुंड्यांची पाऊण तासाची फिल्म जोडली होती, स्वतःच्या आवाजातल्या निवेदनासह.

"शॉर्टकटला विचार," मास्तर म्हणाले.

शॉर्टकट म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा इंजिनियर. घरातूनच काम करायचा, आणि दिवसभर त्याच्या मीटिंगा चालत. एखाद्या कामाला दोन रस्ते असले तर तो तिसरा काढायचा, म्हणून हे नाव. मुलगा मनाने लाख होता. इमारतीचं वायफाय तोच बघायचा, त्यामुळे ऑफिसच्या कॉम्प्युटरवर त्यालाही सगळे अधिकार दिलेले होते, कुलपाच्या किल्लीसकट.

बुधवारी अकराला तो आला, दोन मीटिंगांच्या फटीत, कानातला फोन तसाच ठेवून.

"ताई, कॉपी करूच नका. क्लोन करू," तो म्हणाला. "जागा लागतच नाही."

"जागा लागत नाही म्हणजे?"

"म्हणजे मजकूर एकच राहतो, त्याच्यावर नावं दोन. पुढे एकात कुणी बदल केला तरच तेवढा बदल वेगळा ठेवला जातो."

"म्हणजे एकाच जमिनीचे दोन उतारे," ताई म्हणाल्या.

"अगदी तसंच," शॉर्टकट म्हणाला. त्याने जमिनीचा उतारा आयुष्यात पाहिला नव्हता.

त्याने स्वतःच्या नावाने कॉम्प्युटर उघडला, एक काळी खिडकी काढली, तिच्यात सामायिक फोल्डरकडे पाठवणारी एक ओळ लिहिली आणि बोट आपटलं. "झालं."

ताई घड्याळाकडे बघत राहिल्या. अकरा वीस. त्यांच्या कचेरीत एकतीस प्रकरणांच्या नकला काढायला तीन माणसं आणि दोन दिवस लागत, शिवाय तिघांपैकी एक जण रजेवर असे.

"तारखा वगैरे तशाच येतात ना?"

"क्लोन आहे ताई. सगळं तसंच येतं."

आता खरं तर नक्कल झाली की रुजवात घ्यायची, म्हणजे मूळ आणि नक्कल शेजारी ठेवून ओळीनओळ ताडून पाहायची. हे ताईंनी नव्या कारकुनांच्या तीन पिढ्यांना शिकवलं होतं. एकाला तर रुजवात न घेता सही केली म्हणून त्यांनी दुपारभर उभं केलं होतं. पण त्या दिवशी मास्तरांनी जिन्यातून हाक मारली की चहा निवतोय, शॉर्टकट पुढच्या मीटिंगला पळाला, आणि ताईंनी दिवा मालवून दार ओढून घेतलं. माणसाच्या हातून तेहतीस वर्षांत एकदा होतं ते असं चहापायी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दातांचे डॉक्टर दारात उभे.

"मी तिसरा होतो," ते म्हणाले.

"तिसरेच आहात."

"फोल्डर बघितलात का? सगळेच बुधवारी अकरा वीसला आले आहेत."

ताई चपला न घालता खाली गेल्या. डॉक्टर खोटं बोलत नव्हते. एकतीसच्या एकतीस फाइलींवर एकच तारीख आणि एकच वेळ. दोन वर्षांची रांग एका मिनिटात दाटीवाटीने उभी होती. शॉर्टकटला फोन लावला, तर तो म्हणाला, मीटिंगमध्ये आहे, पण तारखा बरोबर आणायला ओळीत आणखी एक शब्द लिहावा लागतो, तो बहुतेक राहिला. मूळ फोल्डरला धक्का लागलेला नाही, काळजी करू नका, सोमवारी बघतो.

सोमवारपर्यंत इमारत थोडीच थांबणार होती. संध्याकाळपर्यंत तोड सुचवायला अकरा जण येऊन गेले. आद्याक्षराप्रमाणे वाफे द्यावेत असं ज्यांनी सुचवलं त्यांची आडनावं वर्णमालेच्या सुरुवातीची होती. खालून वर, मजल्याप्रमाणे द्यावेत असं डॉक्टर म्हणाले. चौथ्या मजल्यावरून वरून खाली असा ठराव आला. शिवणकाम करणाऱ्या नऊ नंबरच्या बाई म्हणाल्या की ज्यांना रोपाला नुसता हात लावल्यावर कळतं की पाणी हवं की नको, त्यांनाच द्यावेत, आणि असं कळणारी इमारतीत एकच व्यक्ती आहे, पण आपण होऊन काय सांगायचं. सगळ्यात शेवटी पहिल्या मजल्यावरच्या वन्सं आल्या. वन्सं म्हणजे मास्तरांच्या थोरल्या बहीण. त्या खुर्चीत नीट बसल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "वयाप्रमाणे दे. वाद राहणार नाही."

"वन्सं, तुम्ही चौदाव्या आहात."

"होते," वन्सं म्हणाल्या. "आता सगळेच पहिले आहेत ना?"

ताईंनी कुणालाच दुखावलं नाही. प्रत्येकाचं म्हणणं लिहून घेतलं, वर तारीख घातली, खाली सही केली. पण रात्रीच्या जेवणात त्यांनी एक घास कमी घेतला, आणि मास्तरांनी तो मोजला.

सोमवारी कचेरीचं दुसरं पत्र आलं, आणि पहिलं परवडलं म्हणायची पाळी आली. कचेरीच्या यंत्राने फोल्डर तपासला होता. एकूण अर्ज एकतीस, अर्जदार एक. एका व्यक्तीस एकाहून अधिक वाफा देता येत नसल्यामुळे तीस अर्ज निकाली काढण्यात येत आहेत. उरलेला एक मंजूर. सोबत मंजुरीचा आदेश जोडला होता, शॉर्टकटच्या नावाचा.

शॉर्टकटने अर्जच केला नव्हता. त्याच्या घरात एकच रोप होतं, तेही कुणीतरी भेट दिलेलं, आणि ते वाळल्याचं त्याला चार महिन्यांनी कळलं होतं.

"मी क्लोन केले ना, म्हणून मालक म्हणून माझं नाव पडलं," तो जिन्यात उभा राहून म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या कानात फोन नव्हता. "त्यांचं यंत्र फाइलचा मालक बघतं, आतला अर्ज नाही."

दुसऱ्या दिवशी ताई आणि तो उद्यान कचेरीत गेले. कचेरी एका लांबट खोलीत होती, भिंतीला कपाटं आणि कपाटांवर आणखी कपाटं. ताईंना क्षणभर घरी आल्यासारखं वाटलं. कारकुनाच्या टेबलावर कुंडीत एक प्लास्टिकचं झाड होतं. ताईंची नजर तिकडे गेली तसे कारकून शांतपणे म्हणाले, "खरं होतं आधी. पण पाणी कुणी घालायचं, हे ठरलेलं नाही."

ताईंनी प्रकरण सांगितलं. कारकुनांनी ते मध्ये न बोलता ऐकून घेतलं, ही त्यांची सगळ्यात घाबरवणारी गोष्ट होती.

"म्हणजे मंजुरी नको आहे," ते शॉर्टकटला म्हणाले. "मग मूळ अर्जाचा क्रमांक घालून माघारीचा अर्ज करा."

"मी मूळ अर्ज केलेलाच नाही."

"मग माघार कशाची घेताय?"

शॉर्टकटने ताईंकडे पाहिलं. ताईंनी कपाटांकडे पाहिलं. उत्तर बिनतोड होतं. त्यांनी स्वतः अशी शेकडो उत्तरं दिली होती, आणि ती समोरून येताना कशी लागतात हे त्यांना त्या दिवशी कळलं.

"नकला दुरुस्त करून आणा," कारकून म्हणाले, "सगळ्या अर्जांचा फेरविचार होईल. फोल्डर मात्र चौदा दिवस उघडाच राहिला पाहिजे. दुरुस्तीला एक तास बंद ठेवलात तर चालेल, तसा नियम आहे. पुसून टाकलात तर पहिल्यापासून."

ताई परतल्या तेव्हा इमारतीत काहीतरी वेगळं होतं. कुणी काही म्हणत नव्हतं, तेच वेगळं होतं. लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ छताकडे बघत उभे राहिले. डॉक्टरांनी नमस्कार केला, पण तोंड उघडलं नाही, आणि डॉक्टरांनी तोंड मिटून नमस्कार केल्याची इमारतीत नोंद नव्हती. नऊ नंबरच्या बाईंनी दार उघडून पाहिलं आणि डोळे पुसत लावून घेतलं.

घरी मास्तर पेन्सिलीला टोक करत बसले होते. एकाच पेन्सिलीला ते बराच वेळ टोक करत होते.

"अगं," ते शेवटी म्हणाले, "तुझे शेरे सगळ्यांना दिसतायत."

"कोणते?"

"सगळे."

ताई खुर्चीवर बसल्या. मग उठून आतल्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

झालं होतं असं की ज्या तारखा यायला हव्या होत्या त्या मागे राहिल्या, आणि जे शेरे मागे राहायला हवे होते ते नकलेबरोबर मुकाट्याने चालत आले. कुलूपही मागेच राहिलं. सामायिक फोल्डर सगळ्यांना उघडा, म्हणून त्यात आलेला प्रत्येक कागद सगळ्यांना उघडा. डॉक्टर तारीख बघायला फाइलची माहिती उघडतात काय, आणि खालच्या चौकटीत त्यांना सापडतं काय: 'दात काढताना बोलतात, आपल्याला उत्तर देता येत नाही. यांना वाफा जरूर द्यावा. झाडं ऐकून घेतील.'

ताई खाली गेल्या आणि शेरे पुसायला बसल्या. पुसणं त्यांच्या नोकरीत नव्हतं, पण प्रसंगच तसा होता. कॉम्प्युटर म्हणाला, आपल्याला परवानगी नाही. बदल फक्त मालक करू शकतो. मालक कोण, तर शॉर्टकट. आपलेच शेरे, आपल्याच अक्षरातले म्हणायचे, आणि आपल्यालाच हात लावायची परवानगी नाही.

शॉर्टकट वर होता. एक हाक मारली असती तर त्याने एका ओळीत सगळं पुसलं असतं. त्याने स्वतःच येऊन तसं सांगितलं. "फोल्डरच उडवतो ताई. दोन सेकंद."

ताईंनी कचेरीचं पत्र पुन्हा उघडून वाचलं. फोल्डर उडवला तर चौदा दिवस पुन्हा पहिल्यापासून, एकतीस जणांचे. आणि आता त्याची एक ओळ म्हटली की त्यांना बुधवारचे अकरा वीस आठवायचे.

"लोकांनी वाचलंय ते वाचलंय," त्या म्हणाल्या. "माझी लाज वाचवायला त्यांची रांग मोडायची नाही. राहू दे उघडं, नीट दुरुस्त करणारं कुणी मिळेपर्यंत."

हे बोलायला सोपं होतं. पुढचे चार दिवस त्या जिन्याने गेल्या, लिफ्ट वापरली नाही. चार दिवस इमारतीत कुठे दोन माणसं एकत्र दिसली की त्यांना वाटे, शेरा वाचतायत, आणि ते खरंही असे.

रविवारी सकाळी तळमजल्यावरच्या हॉलमध्ये बैठक बोलावली गेली. विषय एकच होता, पण पत्रकात 'इतर विषय' असं लिहिलं होतं. ताई राजीनामा लिहूनच गेल्या होत्या, दोन प्रतींत.

डॉक्टर उभे राहिले. त्यांनी आपला शेरा वाचून दाखवला आणि विचारलं, "मी एवढा बोलतो का?" कुणीच उत्तर दिलं नाही, तेव्हा ते सवयीने म्हणाले, "बरं, आता चूळ भरा," आणि बसले.

वन्संनी चष्मा लावला. "माझ्याबद्दल लिहिलंय, 'नणंद. जास्त लिहिण्याची गरज नाही.' " त्यांनी चष्मा काढला. "गरज नाही कशी? लिही ना जास्त. आम्हालाही कळू दे काय आहे ते."

"वन्सं, चौकट लहान असते हो," ताई म्हणाल्या.

मागून कुणीतरी हसलं आणि खोकल्यात लपवलं. एवढ्यात नऊ नंबरच्या बाई उठल्या. त्यांनी डोळ्याला पदर लावला. "सगळ्यांबद्दल काही ना काही लिहिलंय. मी दुसरी आहे रांगेत. माझ्या चौकटीत काहीच नाही. मी या इमारतीत बावीस वर्षं राहते. एक ओळसुद्धा सुचू नये?"

आता याला काय उत्तर द्यायचं? वाईट लिहिलं म्हणून रागावलेल्या माणसाची माफी मागता येते. काहीच लिहिलं नाही म्हणून रडणाऱ्याची कशी मागायची, हे कुठल्याच नियमपुस्तकात नव्हतं.

मग दुसऱ्या मजल्यावरच्या दोन भावांपैकी धाकटे उठले. हे भाऊ समोरासमोरच्या दारांत राहत, आणि सहा वर्षं त्यांचं बोलणं नव्हतं. कशावरून, ते आता दोघांनाही नीट आठवत नसावं. धाकट्यांच्या हातात फोन होता. "माझा नाही," ते म्हणाले, "दादाच्या अर्जावरचा आहे. वाचतो. 'आज धाकट्या भावाच्या अर्जाची चौकशी करायला आले. अर्जाचं निमित्त होतं. परवा धाकटे याच कामाला येऊन गेले. दोघांनाही सांगितलं, दुसऱ्याची तब्येत बरी आहे.' "

थोरले भिंतीशी बसले होते. ते धाकट्याकडे न बघता म्हणाले, "गुडघा सोडला तर बरी आहे."

"दाखवलास का कुणाला?"

"दाखवतो."

एवढंच बोलणं झालं. पण सहा वर्षांनंतर एवढं म्हणजे भाषणच. यानंतर राजीनाम्याचा विषय कुणी काढेना. ताईंनीच काढला, तर अध्यक्ष म्हणाले, स्वीकारायला हरकत नाही, पुढे कोण होतंय ते सांगा. सगळे आपापल्या चपलांकडे बघू लागले. राजीनामा दोन्ही प्रतींसह परत मिळाला.

जाता जाता वन्सं म्हणाल्या, "आणि मास्तरांच्या अर्जावरचा वाचला का कुणी? 'शेजारच्या खोलीतून मेल पाठवला. तोंडाने मागितलं असतं तर घरच्याला देता येत नाही म्हटलं असतं, हे त्यांना माहीत आहे. आठवा नंबर लागतो. कुणी काही म्हटलं तर म्हणू दे.' " त्या भावाकडे वळल्या. "तू मेल पाठवायला कधी शिकलास रे?"

मास्तर खुर्च्या आवरू लागले. त्यांचे कान तेवढे लाल झाले.

सोमवारी कॉम्प्युटरच्या दुकानातली दुरुस्तीवाली आली. चाळिशीची, अबोल बाई. तिने पिशवीतून आधी पायपुसणं काढून दाराशी टाकलं, त्यावर पाय पुसले आणि मग आत आली. ताईंना तेव्हाच धीर आला. दार लावून तिने सामायिक फोल्डर तासापुरता बंद केला आणि ताईंना वेळ टिपून ठेवायला सांगितलं.

तिने आधी मूळ फोल्डर उघडून दाखवला. तारखा जागच्या जागी होत्या, मालक ताई, कुलूप शाबूत. "नक्कल चुकली म्हणून मूळ बिघडत नाही," ती म्हणाली. "चूक कुठे झाली सांगू? यांनी सामान आधी रस्त्यावर आणून ठेवलं आणि कुलूप कुठे मिळतं ते बघायला गेले. क्लोन करा, हरकत नाही. पण आधी खोली बंद करायची."

शॉर्टकट वही घेऊन बाजूला उभा होता. ऑफिसात वही घेऊन तो उभा राहिलेला कुणी पाहिला नव्हता.

तिने पहिल्यांदा जुन्या, चुकलेल्या नकला बाजूला काढल्या आणि तोच फोल्डर रिकामा करून फक्त ताईंना उघडेल असा केला. त्यात अर्ज आणले. मग प्रत्येक फाइलचा मालक बदलून ताईंचं नाव घातलं. मग विचारलं, "बरोबर काय काय न्यायचं ते सांगा. मला सगळं नेता येतं. पण सगळं न्यायचं नसतं."

"शेरे नको," ताई म्हणाल्या.

ते तिने काढले. मूळ फोल्डरात शेरे होते तिथेच राहिले. त्यानंतर तारखा. तारखा मजकूर झाल्यावरच घालायच्या, तिने सांगितलं, कारण मजकुराला नंतर बोट लागलं की तारीख पुन्हा आजची होते. मग ती खुर्चीवरून उठली आणि ताईंना बसायला सांगितलं. "आता तुम्ही तपासा. कुलूप सगळ्यात शेवटी काढायचं."

ताईंनी पेन्सिल घेतली आणि रुजवात घेतली. एकतीस तारखा, एकतीस अर्जदार, एकतीस रिकाम्या चौकटी. शॉर्टकट मूळ वाचत गेला, ताई नकलेवर टिक करत गेल्या. पाऊण तास लागला. मध्ये त्याचा फोन दोनदा वाजला, आणि तो दोनदा म्हणाला, "मीटिंगमध्ये आहे."

एकतिसावी टिक झाल्यावर फोल्डर सगळ्यांना उघडला, नुसता वाचण्यापुरता. चौदा दिवस पुरे झाले, आणखी एकही हरकत आली नाही.

हरकत शेवटी कचेरीतच निघाली. प्लास्टिकच्या झाडामागच्या कारकुनांनी नवी यादी तपासली, पसंत पडल्यासारखी मान हलवली आणि म्हणाले, "एकतीसही अर्ज रांगेत घेतले. पण एक वाफा आधीच मंजूर झालाय. मंजूर झालेला परत घ्यायला माघारीचा अर्ज लागतो." मग त्यांनी शॉर्टकटकडे पाहिलं, आणि पुढचं बोलणं सगळ्यांना पाठ होतं.

म्हणजे उरले सात. पहिले सात वाफे पहिल्या सातांना, दोन भावांना लागून लागून. आठवे होते मास्तर. बाधित अर्जदाराला दाद मागता येते, असं कारकून म्हणाले. ताईंनी यादी घडी घालून पिशवीत ठेवली. त्यांना त्या कचेरीत तोंड होतं ते सेक्रेटरीचं. बायकोचं नव्हतं.

घरी येऊन त्यांनी मास्तरांना सांगितलं. दाद मागायची तर मसुदा करून देते, असंही म्हणाल्या. मास्तरांनी विचार केला. "नको. किती वर्षं जातील कोण जाणे. आणि तो पोरगा काय लावणार आहे त्यात?"

पोरगाही तोच विचार करत होता. आदेशात लिहिलं होतं की तीन महिन्यांत लागवड न केल्यास मालकावर कारवाई होईल. आठव्या दिवशी शॉर्टकट मास्तरांच्या दारात आला, हातात बियांचं पाकीट, आणि विचारू लागला की बी जमिनीत घालताना कुठली बाजू वर ठेवायची. मास्तरांनी त्याला आत बसवलं, कागद घेतला आणि वाफ्याचा नकाशा काढून दाखवला. दुसऱ्या सकाळी दोघं खाली गेले. तिसऱ्या सकाळीही गेले. आठवडाभराने शॉर्टकटने कचेरीत एक अर्ज टाकला, की मालक म्हणून माझं नाव राहू दे, पण वाफ्यात येण्याची, खणण्याची, पेरण्याची आणि मला ओरडण्याची परवानगी मास्तरांना असावी. कारकुनांनी तो चक्क घेतला. त्यात माघार कुठेच नव्हती.

ताई दोन महिने तिकडे फिरकल्या नाहीत. सेक्रेटरीने वाफ्यांवर रेंगाळू नये, असं त्यांचं मत होतं. एका सकाळी मास्तर डबा विसरले म्हणून जावं लागलं. डॉक्टर आपल्या रोपांशी बोलत होते. नऊ नंबरच्या बाई मातीला हात लावून डोळे मिटून बसल्या होत्या. ताई तिथे थांबल्या आणि म्हणाल्या, "तुमच्याबद्दल लिहायला सुचलं नाही असं नाही. तुमचा अर्ज आला त्या दिवशी ती चौकट मला सापडलीच नव्हती." बाईंनी एक डोळा उघडला. "मग आता सांगा," त्या म्हणाल्या. ताईंनी काय सांगितलं ते कुणी ऐकलं नाही, पण बाईंनी दुसराही डोळा उघडला आणि एक कोवळी भेंडी काढून त्यांच्या हातात ठेवली.

पुढच्या वाफ्यात शॉर्टकट एका हाताने पाणी घालत होता आणि दुसऱ्या हाताने फोन कानाशी धरून कुणाला तरी सांगत होता की घाई करू नका, आधी तपासा. मास्तर गुडघ्यांवर बसून दोन काठ्यांना दोरी बांधत होते. नव्या ओळीसाठी.

"दोरी वाकडी आहे," ताई म्हणाल्या.

मास्तरांनी वर पाहिलं. "हा शेरा समजायचा का?"

"तोंडी आहे," ताई म्हणाल्या. "तोंडीची नक्कल निघत नाही."

मग डबा कडेला ठेवून, पदर खोचून, त्या दोरीचं दुसरं टोक धरायला खाली बसल्या.